सध्या बघत आहे: टिल्लू

आमच्या घरात सर्व्हर चपलांच्या कपाटात आहे. सर्व्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर थंडगार खोली आणि निळे दिवे येतात, म्हणून आधीच सांगून टाकते. ऑफिसने भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर, त्यात तीन हार्ड डिस्क आणि वरच्या फळीवर आईचे लग्नकार्यातले सँडल. वीस वर्षांत जमवलेले सिनेमे, मालिका, गाणी सगळं त्यात आहे. बाहेरच्या खोलीतला टीव्ही, आईचा टॅब, माझा फोन, सगळ्यांवर तिथूनच दिसतं. आणि दुसऱ्या शहरात राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावालाही दिसायचं. त्याला आम्ही टिल्लू म्हणतो, कारण लहानपणी तो फार बुटका होता. आता दारातून आत येताना मान वाकवतो, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

हा टिल्लू माझ्याशी दोन वर्षं बोलला नाही.

चूक माझी नव्हती, असं मी पहिलं वर्षभर स्वतःला बजावत होते. सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये एक पान असतं. या क्षणी कोण काय बघतंय ते त्यावर येतं. एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता मी सहज ते उघडलं, तर लिहिलेलं होतं, 'सध्या बघत आहे: टिल्लू'. बुधवारी तेच. गुरुवारीही तेच. आठ दिवसांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा पठ्ठ्या कामावर जातच नाहीये. नोकरी गेली होती आणि त्याने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मी आईला सांगितलं. माझ्या जागी दुसरं कुणी काय केलं असतं? आईने हाय खाल्ली आणि थेट त्याच्या जुन्या ऑफिसात फोन लावला. मग चार नातेवाइकांना, 'कुठे काही असेल तर बघा हं' म्हणून. दोन दिवसांत गोतावळ्यात ज्याला माहीत नाही असं कुणी उरलं नाही.

टिल्लूचा फोन आला. "ताई, मी काय बघतो ते तू बघत बसतेस?"

"बसत नाही. दिसतं," मी म्हणाले.

त्याने फोन ठेवला, तो ठेवलाच. आईशी तो दर रविवारी बोलतो. आई फोन घेऊन आतल्या खोलीत जाते, दार लावते आणि बाहेर येते ती तोंडाला कुलूप घालून. मी विचारत नाही. माझ्याही नाकाचा शेंडा लाल होतो. पण माझ्याकडे ते पान होतं. त्याने लॉग-आऊट केलं नव्हतं. तोच टीव्ही, तेच नाव. मी ते पान दिवसातून किती वेळा उघडत होते हे कुणाला सांगितलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं.

माझं काम वजनकाटे तपासायचं. दुकानांत, कारखान्यांत, औषधांच्या गोदामांत जायचं, पेटीतली प्रमाणित वजनं काट्यावर ठेवायची आणि काटा किती ग्रॅमने खोटं बोलतोय ते लिहायचं. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे मी कबूल करते. त्यामुळे टिल्लूचंही मोजमाप चालू होतं. तो सकाळी साडेनऊला सुरू करायचा, एकला थांबायचा, तीनपासून सहापर्यंत पुन्हा. वकिलांची एक लांबलचक जुनी मालिका आहे, बाराशे भागांची. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून. असं तीनदा. रविवारी काहीच नाही. रविवारी आईशी बोलतो म्हणून नसेल, असं मीच ठरवून टाकलं. बाकी सहा दिवस एक धडधाकट माणूस घरात बसून तेच ते खटले बघतो, याचा अर्थ काय घ्यायचा? पुन्हा काम गेलं असणार, पुन्हा लपवत असणार, आणि या वेळी मला तोंड उघडायची सोय नव्हती.

मग मी त्याच्यासाठी विनोदी सिनेमे शोधून टाकायला लागले. पहिल्या रांगेत दिसतील असे. महिनाभर त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. एका गुरुवारी दुपारी त्याने एक लावला आणि शेवटपर्यंत पाहिला. त्या दिवशी एका वाण्याचा काटा चार ग्रॅमने चुकत होता आणि मी त्याला हसत हसत सांगितलं. तो घाबरला.

हे असं चाललं असतं, पण त्या सॉफ्टवेअरच्या कंपनीचं पत्र आलं.

या सॉफ्टवेअरला आई 'साहेब' म्हणते. कारण आपल्याच कपाटातला आपलाच सिनेमा बघायचा तरी आधी ते कंपनीच्या दारात जाऊन परवानगी विचारून येतं. दिसायला मात्र देखणं, पोस्टरं कशी ओळीने लावलेली. तर साहेबांनी कळवलं होतं की पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून नवी आवृत्ती येणार, जुनी बंद. आणि नव्या आवृत्तीत दर आठवड्याला सगळ्या सभासदांना एक गोड पत्र जाणार: या आठवड्यात तुमच्या माणसांनी काय काय पाहिलं.

ज्या गोष्टीवरून त्याने बोलणं टाकलं, तीच गोष्ट दर सोमवारी त्याच्या हातात पडणार, आणि पाठवणाऱ्याच्या जागी माझ्या सर्व्हरचं नाव. ते बंद करायची सोय आहे का ते मी शोधलं. प्रत्येकाने आपापलं बंद करायचं होतं. म्हणजे पहिलं पत्र जाणारच.

मग बदला सॉफ्टवेअर. पण बदललं की प्रत्येकाला नवा पासवर्ड लागतो. तो टिल्लूला द्यायचा कुणी आणि कसा? आईच्या हातून पाठवला तर 'ताईला अजून माझ्यावर नजर ठेवायचीय' असं तो म्हणणार, आणि खोटं नाही म्हणणार. नाही दिला तर ते पान कोरं. साहेबांकडेच राहिले तरी तो जाणार होता आणि हलले तरी जाणार होता. माझ्या हातात तीन आठवडे होते.

मी तक्ता केला. उभ्या तीन रकान्यांत तीन सॉफ्टवेअर, आडव्या तेवीस ओळी, पहिलीच 'कोण काय बघतंय ते दिसतं का'. एक साहेब. दुसरं फुकटातलं, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेलं, सगळं करणारं पण धसमुसळं. त्याचं नाव आईने दुसऱ्याच दिवशी 'आडदांड' ठेवलं. तिसरं नुसतं फोल्डर दाखवणारं, त्यात नावं नाहीत, पासवर्ड नाहीत, कोण काय बघतं काही नाही. ते मी पहिल्याच फेरीत बाद केलं. का बाद केलं, त्या ओळीत मी लिहिलं, 'सोयी कमी'.

आडदांड आणि साहेब दोन्ही एकाच वेळी चालवून पाहिले. कपाट इतकं तापायला लागलं की चपला गरम मिळायला लागल्या. आडदांडाने पहिल्याच दिवशी आमच्या मावशीच्या साठीच्या व्हिडिओला एका दरोड्याच्या सिनेमाचं पोस्टर चिकटवलं. आईला मोठी अक्षरं हवीत, तर ती एवढी मोठी झाली की अर्धं वाक्य टीव्हीच्या बाहेर.

"मला यातलं काहीही चालेल," आई म्हणाली. "एक बटण दाबलं की चित्र लागलं पाहिजे आणि मध्येच तू येऊन 'जरा थांब, बघते' म्हणायचं नाही."

"तेवीस गोष्टी बघाव्या लागतात आई."

"लग्नासाठी आलेल्या मुलांच्या वेळीही तू असाच तक्ता केला होतास."

"आणि बरोबर केला होता."

"तेच म्हणतेय मी," आई म्हणाली आणि वर्तमानपत्र उघडलं.

दिवस जात होते आणि मी जागच्या जागी पाय हलवत होते. सकाळी ठरवायचं आडदांड, जेवणाच्या सुट्टीत वाटायचं नको, साहेबच बरे, पत्र जातं तर जाऊ दे. औषधांच्या गोदामात काट्यावर दोन किलोचं वजन ठेवून मी फोनवर ते पान उघडलं, आणि वजन तसंच ठेवून निघून आले. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. गोदामवाल्याचा फोन आला तेव्हा मी अर्ध्या वाटेवर होते. परत गेले. त्याने ते कागदात गुंडाळून ठेवलं होतं, हाताचा घाम लागून वजन बदलू नये म्हणून. मी स्वतःच त्याला तसं शिकवलं होतं. मला रडू आलं असतं, पण तो माणूस आधीच गोंधळलेला होता.

एक तारखेला नऊ दिवस राहिले तेव्हा मला एक युक्ती सुचली. फोन नाही, आई नाही, थेट त्याच्या टीव्हीवर निरोप. मी पांढऱ्या कागदावर जाड काळ्या अक्षरांत लिहिलं: 'टिल्लू, एक तारखेपासून हे बंद होतंय. मी दुसरं चालू करते आहे. हवं असेल तर फोन कर. नको असेल तरी कर. ताई.' खाली माझा नंबर. नंबर त्याने पुसून टाकला असणार, ही शंका होतीच. त्या कागदाचा एक मिनिटाचा व्हिडिओ केला, 'आधी हे बघ' असं नाव दिलं आणि सगळ्यांच्या वर ठेवला. साहेबांनी त्याला लगेच सुरा घेतलेल्या बाईचं पोस्टर लावलं. कुठल्यातरी भयपटाचं. ते काढून तिथे साधा पांढरा चौकोन बसवायला मला दीड तास लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी कामाला न जाता ते पान उघडून बसले. नऊ एकतीस. 'सध्या बघत आहे: टिल्लू. आधी हे बघ.' एक मिनिट झालं. संपलं. पुन्हा सुरू झालं. पुन्हा. तीनदा पाहिलं त्याने. मग काहीच नाही. वकील नाहीत, सिनेमा नाही, पान कोरं. मी खुर्चीतून उठले, कपाटापर्यंत गेले, परत आले. माझ्या फेऱ्या बघून आई म्हणाली, "पाणी देऊ का?"

पावणेदहाला फोन वाजला. अनोळखी नंबर. त्याने नंबर बदलला असेल, असा विचारही मी तेवढ्यात करून घेतला.

"ताई आहेत का?" बाईचा आवाज होता. मागे कसलीतरी घरघर चालू होती, ती थांबली.

"मी ताई. तुम्ही कोण?"

"अहो, मी टिल्लू नाही," ती बाई म्हणाली. "म्हणजे आधी तेच सांगते. मी शिवणकाम करते. ही खोली मी भाड्याने घेतली तेव्हा टीव्ही इथेच होता. आधीचे भाडेकरू ठेवून गेले. मालक म्हणाले, चालू आहे तर वापरा. मला वाटलं, आतलं सगळं खोलीबरोबरच येतं."

"कधी घेतलीत खोली?"

"झालं की दीड वर्ष."

मी खाली बसले. जमिनीवरच.

"तुम्ही ऐकताय ना?" ती म्हणाली. "सकाळी ते पत्र दिसलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणाच्यातरी घरातलं मी इतके दिवस बघत होते. बंद करायचं तर करा, तुमचा हक्कच आहे. फक्त विचारावंसं वाटलं, ते वकिलांचं तुम्ही कुठून घेतलंत? मला मशीनवर बसल्यावर तेच लागतं. कोर्टात सगळे नुसते बोलत असतात, मान वर करावी लागत नाही. दुसरं काही लावलं की हात थांबतो. मध्ये एकदा एक विनोदी लावलं, तर हसण्याच्या नादात बाही उलटी जोडली."

"गुरुवारी," मी म्हणाले.

"काय?"

"काही नाही. रविवारी तुम्ही काम करत नाही का?"

"रविवारी मशीनला हात लावत नाही," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "ते टिल्लू बरे आहेत ना?"

मी म्हणाले, मला माहीत नाही. एका परक्या बाईला मी हे सांगितलं. मग तिचं नाव लिहून घेतलं, तुमचे वकील बंद पडणार नाहीत असं कबूल केलं आणि फोन ठेवला.

मला राग आला होता. कुणाचा ते कळत नव्हतं. दीड वर्ष मी एका शिवणयंत्राची काळजी वाहत होते. तिच्या जेवणाच्या सुट्टीचा मी अर्थ लावला होता, तिच्या सुट्टीच्या वाराचाही. एकदा चाळीस मिनिटं चित्र थांबलेलं होतं तेव्हा मी घाबरून अर्धमेली झाले होते. तिच्याकडे कुणीतरी माप द्यायला आलं असेल. माझ्या तक्त्यातल्या तेवीस ओळी आडव्या झाल्या होत्या आणि मी स्वतःला हुशार समजत होते.

आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"तो तिथे राहत नाही," मी म्हणाले.

"हो," आई म्हणाली.

"तुला माहीत होतं."

"दर रविवारी बोलते ना मी त्याच्याशी." तिने पदराच्या टोकाशी चाळा केला. "मला म्हणाला, ताईला सांगू नकोस. आणि अगं, मागच्या वेळी मी त्या ऑफिसात फोन केला, तो काय थोडा तमाशा झाला? त्यानंतर ठरवलं की याचं काही आपल्या तोंडून जायचं नाही. तुझ्याकडेसुद्धा."

"मी काय परकी आहे?"

"परकी असतीस तर सांगितलं असतं," आई म्हणाली. "परक्याला काय फरक पडतो." आणि तिने तिचा फोन माझ्यापुढे धरला. त्यावर त्याचा नवा नंबर होता.

मी बाहेरच्या खोलीत एक फेरी मारली. दुसरी मारली. तिसऱ्या फेरीत, पाय चालू असतानाच, आईच्याच फोनवरून नंबर लावला. थांबले असते तर लावला नसता.

"बोल आई," तो म्हणाला.

"मी आहे."

तो घाईने म्हणाला, "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. टिल्लू, तुझ्या टीव्हीवर एक बाई शिवणकाम करत वकील बघतात."

तो हसला. मोठ्याने नाही, नाकातून, लहानपणी हसायचा तसा.

"मुद्दाम ठेवला मी तो तिथे," तो म्हणाला. "लॉग-आऊट केलं असतं तर तुला पाच मिनिटांत कळलं असतं. म्हटलं राहू दे. कुणीतरी येईल, काहीतरी लावेल. तुला वाटेल मी आहे."

"म्हणजे मला फसवलंस."

"तुला बरं वाटावं म्हणून."

"बरं? मी दीड वर्ष मरत होते."

"का? काय बघत होतो मी?"

मी सांगितलं. खटले, तीनदा, सकाळी साडेनऊपासून. तो पुन्हा हसला, मग थांबला. मी नव्या सॉफ्टवेअरचं सांगायला सुरुवात केली, कारण ते मला येत होतं. साहेबांचं पत्र, आडदांड, दरोड्याचं पोस्टर. तुझ्यासाठी नवं खातं करते, म्हणाले, पासवर्ड आत्ता पाठवते.

"त्या नव्यात दिसतं का? कोण काय बघतं ते?"

"दिसतं," मी म्हणाले. मग खरं ते सांगितलं. "बंद करता येतं. अजून केलेलं नाही."

"मग मला खातं नको, ताई."

"अरे, मी बंद करते. आत्ता करते, तू फोनवर असतानाच."

"तसं नाही. तू केलंस तरी मला वाटत राहणार. माझं नको." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते.

"पण मग मला कसं कळणार?" माझ्या तोंडून निघून गेलं. "तू कसा आहेस ते मला कळणार कसं?"

"विचार ना," तो म्हणाला.

खरंच सांगते, त्या क्षणी मला आठवेना की हे मी त्याला कधी विचारलं होतं. नोकरी गेली तेव्हा मी आईला सांगितलं होतं. त्याला नव्हतं विचारलं. त्याने फोन केला तेव्हा मी म्हणाले होते, दिसतं.

"कसा आहेस?" मी विचारलं.

मग तो बोलायला लागला. पन्नास मिनिटं बोलत होता. मी मध्ये दोन-तीनदाच बोलले आणि एकदाही उपाय सांगितला नाही. सवय नसल्याने जिभेला त्रास झाला.

फोन ठेवून मी कपाटापाशी गेले, साहेबांना बंद केलं, आडदांडात शिवणकामवाल्या बाईंच्या नावाचं खातं उघडलं आणि कोण काय बघतं ते पान सगळ्यांसाठी काढून टाकलं. तक्त्यातली पहिली ओळ खोडली, बाकीच्या बावीस तशाच राहिल्या.

आई मागे येऊन उभी राहिली. "एवढा वेळ काय बोलत होता?"

"आडदांडच घे म्हणाला."

तो तसं म्हणालाही होता, अगदी शेवटी, फोन ठेवता ठेवता. त्याच्या आधीचं जे होतं ते त्याने मला सांगितलं होतं, आईला नाही.